सायीखालचं दूध

दुधात फॅट किती, हे सांगायची नोकरी मी बारा वर्षं केली. मांडवगण फराट्याच्या पुढं, भीमेच्या अंगाला आमचं गाव. तिथल्या दूध संकलन केंद्रावर मी सकाळ-संध्याकाळ उभा असायचो. शिरूरच्या कॉलेजातली कला शाखेची पदवी घरी ट्रंकेत, वाचनालयातून आणलेली कादंबरी खुर्चीखाली आणि हातात ॲसिडची बाटली. या तिन्हींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण नव्वदीच्या मध्याला आमच्या भागातल्या पदवीधराला याहून सुसंगत काही सापडत असेल, तर ते माझ्या कानावर आलं नव्हतं.

काम सोपं होतं. प्रत्येक किटलीतलं थोडं दूध काचेच्या नळीत घ्यायचं, त्यात ॲसिड सोडायचं, बूच लावून नळ्या हाताने फिरवायच्या यंत्रात बसवायच्या आणि दांडा फिरवायचा. ॲसिड बाकीचं सगळं जाळून काळपट करून टाकतं. उरते ती स्निग्धता. ती नळीच्या बारीक मानेत पिवळ्या पट्ट्यासारखी वर येऊन थांबते. मानेवर रेघा असतात. पट्टा किती रेघांचा ते बघायचं आणि आकडा मोठ्याने सांगायचा.

त्या आकड्याला गावात मान होता. सोयरीक जुळवताना मुलाच्या शिक्षणाआधी घरच्या म्हशीचं फॅट विचारणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि ती चुकत होती असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. पाणी घातलेलं दूध आलं की मी किटली नुसती बाजूला ठेवायचो. मला बोलावं लागत नसे, रांग बोलायची. एकदा एका आप्पांची किटली मी अशी बाजूला काढली, तर मागून कुणीतरी म्हणालं, “आप्पा, म्हस नदीत बसवून पिळली काय?” आप्पा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

माझी मुलगी जन्मली ती या नोकरीच्या पाचव्या वर्षी. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून बायको निमोण्याला जायची होती, पिशवी भरून ठेवली होती. पण आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या आणि निमोण्याऐवजी दौंडचा दवाखाना गाठावा लागला. मुलगी हातात घेतली तेव्हा ती किलोच्या काट्यावर ठेवण्याइतकी लहान आणि सुरकुतलेली होती. दहा-बारा दिवसांत बायकोला कावीळ झाली. तिला पुन्हा दौंडला ठेवलं, बाळाला घरी आणलं. बायको तीन आठवड्यांनी परत आली तेव्हा डोळ्यांतलं पिवळेपण गेलं होतं, आणि दूधही गेलं होतं. बाळ वरच्या दुधावर राहिलं. म्हणजे माझ्या आईच्या हातात राहिलं.

आईच्या हातात असणं ही आमच्या घरात सुरक्षिततेची व्याख्या होती. वडील लवकर गेले. त्यांच्या आधीची पिढी मेंढरांमागे फिरलेली. आईने मात्र एका जागी बसून म्हशी सांभाळल्या आणि मला शिकवलं. बाळाचं दूध ती कुणाला करू द्यायची नाही. पहाटेचं दूध तापवायची, निवू द्यायची, वर धरलेली जाड साय बोटांनी अलगद एका पोळीसारखी उचलायची. मग राहिलेल्या दुधात त्याच्याइतकंच पाणी, चार दाणे वावडिंग, पुन्हा एक उकळी. ते कोमट करून चोचीच्या बोंडल्याने थेंबथेंब पाजायची. बाळाला जड सोसत नाही, हलकं द्यावं, हे गावातल्या कुठल्याही बाईने सांगितलं असतं. काढलेली साय निम्मी तुपासाठी विरजणात जायची आणि निम्मी माझ्या ताटात, साखर घालून, भाकरीबरोबर. ती मी लहानपणापासून खात आलो होतो. बाप झालो म्हणून खाणं थांबवावं असं काही कारण दिसत नव्हतं.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात केंद्राचा वर्धापनदिन झाला. मांडव, सनई, दोन तास उशिरा येणारे पाहुणे, सगळं रीतीप्रमाणे. वर्षभरातलं सर्वांत जास्त फॅटचं दूध आमच्या म्हशीचं निघालं होतं, सात दोन, म्हणजे सात पूर्णांक दोन टक्के. आकडा मीच काढलेला, त्यामुळे कुजबुज झाली. मग दुसऱ्या केंद्रावरचा माणूस बोलावून पुन्हा काढला, तरी सात दोन. आईला शाल, नारळ आणि स्टीलची किटली मिळाली. पाहुण्यांनी भाषणात दुधाला पूर्णान्न म्हटलं, आजच्या बाळाच्या ओठी दूध असेल तर उद्याचा देश बुद्धिमान होईल, असंही म्हटलं. देशाचा बुद्धीशी संबंध जोडायला त्यांना पाऊण तास लागला. नंतर चहा आला तेव्हा त्यांनी कोरा मागितला. दूध त्यांना सोसत नव्हतं.

आईने घरी येऊन शाल घडी करून ट्रंकेत ठेवली आणि नातीच्या दुधावरची साय काढायला बसली.

बाळ बघत नाही, हे पहिल्यांदा बायकोच्या लक्षात आलं. बाळाला तीन महिने उलटून गेलेले. गावातल्या बायका त्यावर विनोद करायच्या. “लई मानाची हाय गं पोरगी, कुणाकडं बघतच न्हाई!” “डेअरीच्या सायबाची लेक ती, तुझ्याकडं कशाला बघंल?” सगळ्या हसायच्या, बायकोही हसायची. मग एका दुपारी मी जेवत असताना ती हळूच म्हणाली, “आवं, ही दिव्याकडंबी बघत न्हाई.”

“आठव्या महिन्यातली आहे. उशीर लागणारच.”

“कोण म्हणलं?”

“वाचलंय.”

मी वाचलं नव्हतं. पुष्कळ वाचणाऱ्या माणसाला ही एक सोय असते, की न वाचलेलंही त्याच्या तोंडी वाचल्यासारखं लागतं. बायकोने बाळाच्या पोटरीवरून हात फिरवला. रोज तेल लावूनही कातडी कोरडी होती, माशाच्या खवल्यांसारखी बारीक पापुद्रे सुटायची. “उद्या दौंडला जायचं,” ती म्हणाली. विचारत नव्हती.

दौंडच्या बालरोग डॉक्टर मध्यमवयीन बाई होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी वजन केलं, आकडा लिहिला. बॅटरीचा उजेड बाळाच्या डोळ्यांत टाकला, मग लाल लोकरीचा गोंडा तोंडासमोर इकडून तिकडे नेला. गोंडा गेला. डोळे जिथल्या तिथे राहिले. बायकोने माझा शर्ट मागून मुठीत धरला होता, ते मला आत्ता आठवतं.

“डोळा वरून स्वच्छ आहे, बाहुलीही उजेडाला आकसतेय,” त्या म्हणाल्या. “पण नजर ठरत नाही. दूध कोणतं?”

“घरच्या म्हशीचं.”

“फॅट?”

कुठल्याही दवाखान्यात मला उत्तर येईल असा हा पहिलाच प्रश्न होता. “सात दोन,” मी म्हणालो. “गावात पहिला नंबर.”

त्यांनी पेन खाली ठेवला. “म्हशीचं नाही विचारलं. बाळाच्या पोटात जातं त्याचं विचारलं.”

मी बायकोकडे पाहिलं. तिने सगळं सांगितलं, साय, पाणी, वावडिंग. डॉक्टर ऐकत होत्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. असं ऐकायची त्यांना सवय असावी.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला जवळजवळ त्यांच्याच शब्दांत आठवतं. बाळाचा मेंदू या पहिल्या वर्षात वाढतो तसा पुन्हा कधी वाढत नाही. त्याची बरीचशी बांधणी चरबीची असते. डोळ्यामागचा पडदाही तसाच. त्यातली काही स्निग्धाम्लं शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ती बाहेरूनच यावी लागतात. पोटातल्या शेवटच्या महिन्यांत बाळ आईकडून त्यांचा साठा घेतं, पुढे आईच्या दुधातून घेतं. “तुमचं बाळ साठा पुरता न घेताच आलं. आईचं दूध महिन्याच्या आत तुटलं. आणि वरच्या दुधातली होती नव्हती ती चरबी तुम्ही काढून घेतली.”

“मग सात दोन फॅटचं तसंच पाजायचं?” मी विचारलं.

“सध्या तसंच पाजा, साय न काढता, पाणी न घालता, थोडं थोडं. पण ते रेडकासाठी केलेलं दूध आहे. फॅट जास्त असून भागत नाही, कोणतं आहे तेही बघावं लागतं. बाळाच्या आईचंच दूध परत आणायला लागेल.”

पाच वर्षं मी किती ते मोजत होतो. कोणतं, हा प्रश्न यंत्राला पडत नव्हता आणि यंत्र फिरवणाऱ्यालाही पडला नव्हता.

दर दोन तासांनी बाळाला छातीशी धरा, दूध नसलं तरी ओढू द्या, आटलेलं परत येतं, असं त्यांनी बायकोला सांगितलं. जवसाची चटणी रोज खा. खात असाल तर आठवड्यातून दोनदा नदीचे मासे, ती स्निग्धाम्लं यांतूनच दुधात येतात. महिन्याने परत या. तेव्हाही नजर ठरली नाही तर पुण्याला पडद्याच्या डॉक्टरकडे. आणि हे सगळं दुधानेच झालंय असं मी म्हणत नाही, हेही त्यांनी सांगितलं. आम्ही तेव्हा ते ऐकलं नाही.

घरी येऊन आईला काय सांगायचं, हे एसटीत ठरत नव्हतं. बायको म्हणाली, “मी न्हाई सांगणार. माझ्या तोंडून ते वंगाळ दिसंल.” खरं होतं. त्या संध्याकाळी आईला एवढंच सांगितलं की डॉक्टरने दूध बदलायला सांगितलंय, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी पहाटे आईने नेहमीसारखं दूध केलं. बायकोने त्यातलं अर्धी वाटी माझ्या बाटलीत ओतून दिलं. ते बाळाला पाजलं नाही, आणि मी ते घेऊन केंद्रावर गेलो.

का गेलो, ते अजून नीट सांगता येत नाही. डॉक्टरांनी सांगितल्यावर तपासायचं काही उरलं नव्हतं. पण माझा विश्वास नळीवर होता.

रांगेतल्या नळ्यांबरोबर तीही नळी मी यंत्रात बसवली, दांडा फिरवला, आणि सगळ्या नळ्या लाकडी घडवंचीवर ओळीने उभ्या केल्या. बाकी सगळ्यांच्या मानेत पिवळे पट्टे होते, कमी-जास्त. त्या नळीत पट्टा नव्हता म्हटलं तरी चाललं असतं. एका रेघेच्याही खाली, नखाच्या कडेएवढी पिवळी छटा. असं दूध माझ्या केंद्रावर कधीच आलं नव्हतं. लबाड माणसंही थोडी भीड ठेवून पाणी घालतात.

तेवढ्यात आई आली. ती रोजच घरचं दूध शेवटी आणायची, बक्षिसाच्या किटलीतून. तिला वाचता येत नसे, पण पिवळा पट्टा तिला माझ्याइतकाच कळत होता.

“ही कुणाची रं नळी?” ती वाकून म्हणाली. “आरं बघ की, पिवळं नावालाबी न्हाई. म्हस धुतल्यालं पाणी आणलं का काय! आसल्याला रांगंत उभं करू नगं. लोकांच्या पोराबाळांच्या तोंडात जातंय म्हणावं, लाज धर.”

“हां मावशी, नाव सांगा म्हणावं सायबाला,” रांगेतला एकजण म्हणाला.

“नंतर बघतो,” मी म्हणालो.

“नंतर का?” हे आप्पा. महिन्याभराचं मौन त्यांनी बरोबर त्या क्षणी सोडलं. “माझी किटली बाजूला ठिवली तवा साऱ्या गावाफुडं ठिवली. आन् आता त्वांड शिवलं व्हय? कोन पाव्हना-रावळा हाय का तुझा?”

“सांग की,” आई म्हणाली. “भितो कशाला? मी हाय.”

मी म्हणालो, “आपलंच आहे.”

रांग खो खो हसली. साहेबाने कधी नव्हे तो विनोद केला, असं त्यांना वाटलं. आप्पाही हसले. आई हसली नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

“सकाळचं?”

“सकाळचंच. बाळाचं.”

तिने नळीकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग हातातली किटली काट्यावर ठेवली, पदर सावरला आणि माझ्याकडे न बघता घरी गेली. त्या दिवशी आमच्या किटलीचा आकडा मी पुकारला नाही, नुसता लिहिला.

दिवसभर ती गोठ्यात राहिली. मी संध्याकाळी तिथे जाऊन उभा राहिलो, तेव्हा ती म्हशीला वैरण घालत होती. पाठ माझ्याकडे ठेवूनच बोलली.

“तुझ्या आधीचा ग्येला तो चार म्हयन्यांचा हुता.”

मला आधी भाऊ होता हे माहीत होतं. कसा गेला ते कधी विचारलं नव्हतं. आमच्या घरात गेलेल्यांची चौकशी करत नाहीत.

“मला दूध न्हवतं. म्हशीचं दाट पाजलं. हागवन लागली, तीन दिसांत संपला. समद्या म्हनल्या, जड दुधानं मारलंस पोराला. मग तुझ्या टायमाला मी साय ठिवली न्हाई, वाटीत पानी वतलं. तू जगलास. मग मी काय समजायचं?”

आता वाटतं, की पहिल्या बाळाला दुधाने मारलं नसेल, न उकळलेल्या पाण्याने किंवा माशी बसलेल्या बोंडल्याने मारलं असेल. पण हे मी तिला सांगू शकलो नाही. एका मुलाचं ओझं उतरवण्यासाठी दुसरं कारण तिच्याच हातात ठेवावं लागलं असतं. शिवाय त्या तीन महिन्यांत नातीच्या दुधावरून निघालेली साय कुणी खाल्ली, हे तिला माहीत होतं आणि मलाही. ती त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. अखेरपर्यंत बोलली नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिने बाळाच्या दुधाला हात लावणं बंद केलं. बाळालाही घेईना. बायको म्हणायची, “आत्या, धरा की जरा, मला भाकरी टाकायच्यात.” तर आई भाकरी टाकायला बसायची. मात्र बुधवारी आणि रविवारी ती पहाटेच उठून नदीवर जायची. आमच्यात बाळंतिणीला मासे वर्ज्य. त्यांनी बाळाच्या पोटात वारं धरतं, असा समज. हा नियम तिनेच आयुष्यभर साऱ्या आळीला शिकवला होता. आता भोयांची होडी काठाला लागायच्या आत ती तिथं उभी असायची आणि जाळ्यातले मासे स्वतः निवडून आणायची. बायका विचारायच्या, “काय वो, बाळंतिनीला मासं?” ती म्हणायची, “माझ्यासाठी न्हेते.” जवस भाजून, लसणीबरोबर कुटून तिने वाडगाभर चटणी केली आणि सुनेच्या ताटाशेजारी ठेवून दिली.

दूध परत यायला सोळा दिवस लागले. पहिले काही दिवस बाळ ओढायचं आणि रडायचं, बायकोही रडायची. मी केंद्रावर आकडे पुकारायचो. सतराव्या दिवशी ब्लाऊज ओला झाला म्हणून बायको मला दाखवायला ओसरीवर आली, दिवसाढवळ्या, सासू समोर असताना. आई उठून आत गेली. तिच्या रडण्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. वडील गेले तेव्हाही मला तो ऐकू आला नव्हता.

नजर मात्र ठरत नव्हती. महिना भरत आला, पुण्याच्या डॉक्टरचा पत्ता मी लिहून घेतला. मग एका सकाळी बाळ वाकळेवर उताणं होतं आणि आई केर काढत होती. बायको एकदम म्हणाली, “आत्या, थांबू नका. चालत ऱ्हावा.”

“का?”

“चालत ऱ्हावा म्हणते ना.”

आई केरसुणी हातात घेऊन एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे गेली. बाळाचे डोळे तिच्यामागे गेले. हळू, जरा उशिरा, वाटेत एकदा सुटले आणि परत धरले. आई वळली. डोळे वळले. बायको तोंडावर हात धरून बसली. आई मात्र थांबली नाही. स्वच्छ झालेल्या जमिनीवर ती किती वेळ झाडत होती, कुणास ठाऊक.

दौंडला या वेळी ती हट्टाने बरोबर आली. डॉक्टरांनी गोंडा फिरवला, नजर मागे गेली, त्या पहिल्यांदा हसल्या. आई उभी राहूनच म्हणाली, “बाई, साय मी काढत हुते. माझ्या सुनंचा दोष न्हाई.”

डॉक्टरांनी तिला बसायला सांगितलं. म्हणाल्या, आजी, लवकर आलेल्या बाळांची नजर उशिरा ठरते, कधी कधी सगळं नीट दिलं तरी. तुमच्या दुधाने उशीर झाला, की मुळातच व्हायचा होता, हे मला सांगता येणार नाही.

“मला बरं वाटावं म्हनून बोलू नगा,” आई म्हणाली.

“तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी काहीच बोलत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “मला खरंच माहीत नाही.”

आईला हे उत्तर पटलं नाही. मलाही नीटसं पटायला बरीच वर्षं लागली. पुढे दोन हजारनंतर शिरूरच्या औषधांच्या दुकानांत बाळांच्या दूधपावडरीचे डबे आले. त्यांच्यावर त्याच स्निग्धाम्लांची इंग्रजी आद्याक्षरं मोठ्या टाइपात आणि चष्मा घातलेलं एक विद्वान बाळ. तेव्हा मला त्या डॉक्टरांची आठवण व्हायची. डब्याला सगळं माहीत होतं.

मुलगी चालली वेळेवर, बोलली जरा उशिरा. पहिलीत अक्षरं लागेनात. सगळी मुलं बाराखडीवर गेली आणि ही ‘ग’वर अडली. गुरुजींनी मला बोलावून सांगितलं, की काही मुलं असतात अशी, वेळ घेतात. गुरुजी सहज बोलले, मीही सहज घरी येऊन सांगितलं. आईने ताटातला हात काढून घेतला आणि ती उठली.

त्यानंतर रोज दिवे लागायच्या आधी ती नातीला घेऊन ओसरीवर बसायची. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं. पुस्तक मुलीच्या मांडीवर, आई समोर. वर्षभर हे चाललं. त्या वर्षाच्या शेवटाला मुलगी अडखळत का होईना, ओळी वाचायला लागली. एकदा मी केंद्रावरून आलो तर वाचन मध्येच थांबलं होतं आणि मुलगी वैतागली होती.

“आजी, पुस्तकात बघ ना. माझ्या डोळ्यांकडं काय बघतीस सारखी?”

“तू वाच,” आई म्हणाली.